कोड पुसायच्या आधी

चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला की नात्यातल्या कुणाचा तरी मला फोन येतो. माझ्याकडे स्कॅनर, म्हणजे गाडीच्या कंप्यूटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र, आहे हे आता सगळ्यांना माहीत झालंय. "जरा लावून तो दिवा घालवून दे," एवढीच मागणी असते. मी स्कॅनर लावतो, पण कोड पुसून दिवा लगेच घालवत नाही. का घालवत नाही हे प्रत्येकाला वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदा नीट लिहून काढतो.

माझी नोकरी इन्स्ट्रुमेंटेशनची. कारखान्यातले प्रेशर, तापमान आणि प्रवाह मोजणारे ट्रान्समीटर सांभाळण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. तिथे ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल असतो. मोजमाप शून्य असलं तरी वायरमधून ४ मिलिअँपिअर वाहतच राहतात. करंटच शून्य झाला तर समजायचं, टाकी रिकामी नाही, वायर तुटलीय. अलार्म आला की पहिला प्रश्न हाच: आकडा खरा आहे, की आकडा आणणारी वाट बिघडलीय?

गाडीत हेच तत्त्व पाहिलं तेव्हा मला फार आनंद झाला. बहुतेक सेन्सर ५ व्होल्टवर चालतात, पण निरोगी थ्रॉटल (इंजिनात हवा सोडणारी झडप) किंवा प्रेशर सेन्सर साधारण अर्धा ते साडेचार व्होल्टच्या आतच बोलतो. सिग्नल थेट शून्यावर किंवा थेट पाचावर जाऊन बसला की कंप्यूटर ओळखतो की हे मोजमाप नव्हे, वायरिंगची भानगड आहे. कोडच्या वर्णनात 'सर्किट लो' किंवा 'सर्किट हाय' असे शब्द दिसतात ते याच अर्थाने. पी०११८ म्हणजे कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाच्या सर्किटचा व्होल्टेज जास्त. हे वाचून लोक घाबरतात की इंजिन तापलं. प्रत्यक्षात तो सेन्सर तापला की त्याचा रोध कमी होतो आणि व्होल्टेजही उतरतो, म्हणजे 'हाय' ही थंडीची बाजू झाली. वायर सुटली तर स्कॅनरवर तापमान उणे ४० अंश दिसतं. कोमट इंजिनवर उणे ४० दिसलं की सेन्सर विकत घेण्याआधी कनेक्टर बघायचा.

तपासायची रीतही सोपी आहे. दोन वायरींच्या तापमान सेन्सरचा कनेक्टर काढला की आकडा उणे ४० वर जायला हवा. कनेक्टरच्या वायरींकडच्या बाजूच्या दोन पिना छोट्या तारेने जोडल्या की आकडा दुसऱ्या टोकाला, १३०-१४० अंशांच्या पुढे जायला हवा. दोन्ही झालं तर वायरिंग आणि कंप्यूटर ठीक, दोष सेन्सरमध्ये. हे फक्त दोन वायरींच्या तापमान सेन्सरवर करायचं. तीन वायरींच्या सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा असतो, तिथे अशी तार लावायची नाही.

थोडक्यात, कोड ही कंप्यूटरने नोंदवलेली तक्रार आहे, निकाल नाही. कोणती चाचणी नापास झाली तेवढं तो सांगतो. कोणता भाग बदलायचा ते सांगत नाही.

यामागे इतिहास आहे, आणि तो कळला की कोडची भाषाही कळते. ही सगळी व्यवस्था मेकॅनिकच्या सोयीसाठी जन्मलीच नाही, ती धुरासाठी जन्मली. कॅलिफोर्नियातल्या हवा नियंत्रण मंडळाने १९८८ च्या मॉडेलपासून गाड्यांना स्वतःच्या प्रदूषणयंत्रणेवर लक्ष ठेवायला लावलं. तेव्हा प्रत्येक कंपनीचा कनेक्टर वेगळा आणि कोड वेगळे. काही गाड्यांत दोन पिना तारेने जोडून दिव्याची उघडझाप मोजावी लागायची. १९९६ च्या मॉडेलपासून अमेरिकेत ओबीडी-२, म्हणजे गाडीने स्वतःचे बिघाड नोंदवायची समान पद्धत, सक्तीचं झालं, युरोपात २००१ पासून नव्या पेट्रोल गाड्यांना तसाच नियम आला. सोळा पिनांचं एकच सॉकेट आणि सगळ्यांना समान कोड तेव्हापासूनचे. अमेरिकी नियमात ढोबळमानाने असं आहे की गाडीचं प्रदूषण ठरलेल्या मर्यादेच्या दीडपट होईल असा बिघाड दिसला की दिवा लागला पाहिजे. म्हणून गाडी मस्त पळत असतानाही दिवा लागू शकतो. आणि क्लच घसरतोय, बेअरिंग वाजतंय, सस्पेन्शन खडखडतंय तरी दिवा शांत असतो. जिथे सेन्सर नाही तिथलं कंप्यूटरला काहीच दिसत नाही.

कोडची रचना पटकन सांगतो. पहिलं अक्षर पी असेल तर इंजिन-गिअरबॉक्स, बी म्हणजे बॉडी, सी म्हणजे ब्रेक-स्टिअरिंगची बाजू, यू म्हणजे कंप्यूटरांचं आपसातलं बोलणं. पुढचा आकडा शून्य असेल तर कोड सगळ्या कंपन्यांना समान, एक असेल तर त्या कंपनीचा स्वतःचा. पी१ ने सुरू होणारा कोड शोधताना गाडीचं मॉडेल सोबत लिहिलं नाही तर भलत्याच गाडीचं उत्तर हाती येतं. साधा ब्लूटूथ अडॅप्टर, म्हणजे सॉकेटला लावून मोबाइलशी जोडायचा छोटा स्कॅनर, इंजिनचे कोड वाचतो. एबीएस आणि एअरबॅगचे कोड वाचायला बहुधा त्या कंपनीची माहिती असलेला स्कॅनर लागतो. ते काम साध्या अडॅप्टरकडून होत नाही म्हणून त्याला नावं ठेवण्यात अर्थ नाही.

माझ्याकडे ईएलएम ३२७ चिपच्या जातीचा अडॅप्टर आहे, मोबाइलला जोडायचा. या चिपच्या नकला बाजारात भरपूर आहेत. काही ठीक चालतात, काही मध्येच तुटतात किंवा जुन्या गाडीशी बोलतच नाहीत. आयफोन असेल तर साधा जुना ब्लूटूथ अडॅप्टर चालत नाही, वायफायचा किंवा ब्लूटूथ एलईचा घ्यावा लागतो. सॉकेट बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली, डॅशबोर्डच्या खालच्या कडेला असतं. किल्ली ऑन केली की पुरे, कोड वाचायला इंजिन चालू लागत नाही. काम झालं की अडॅप्टर काढून ठेवायचा. सोळाव्या पिनेवर बॅटरी थेट येते, किल्ली बंद असली तरीही, त्यामुळे लावून ठेवलेला अडॅप्टर उभ्या गाडीची बॅटरी हळूहळू खात राहतो.

आता मुद्द्याकडे. कोड वाचल्यावर मी सगळ्यात आधी फ्रीझ फ्रेम उघडतो. कोड नोंदवला त्या क्षणी इंजिनची काय स्थिती होती याची ती नोंद असते: आरपीएम, वेग, कूलंटचं तापमान, इंजिनवरचा लोड, फ्युएल ट्रिम (म्हणजे काय ते पुढे येतंच). कोड पुसला की ही नोंदही पुसली जाते आणि ती परत मिळत नाही. "आधी पुसून बघू, परत आला तर बघू" या सल्ल्यावर माझा राग आहे तो याचसाठी. मी आधी स्क्रीनचे फोटो काढतो: कोड, पेंडिंग (अजून पक्का न झालेला) कोड, फ्रीझ फ्रेम. त्यानंतर पुढचं.

ताईच्या गाडीत पी०१७१ होता. मिश्रण पातळ (हवा जास्त, पेट्रोल कमी), बँक १ (सिलिंडरची पहिली रांग). एका रांगेतल्या चार सिलिंडरच्या इंजिनात बँक एकच असते, तेव्हा त्या शब्दाकडे दुर्लक्ष केलं तरी चालतं. गॅरेजमध्ये तिला ऑक्सिजन सेन्सर बदलायला सांगितलं होतं. मी म्हटलं, "ताई, दोन दिवस थांब. सेन्सरच पातळ म्हणतोय ना? मग आधी त्याचं ऐकून घेऊ."

पेट्रोल पूर्ण जळायला वजनाने साधारण १४.७ पट हवा लागते. ऑक्सिजन सेन्सर धुरातला उरलेला ऑक्सिजन बघतो आणि त्यावरून कंप्यूटर इंजेक्टर किती वेळ उघडायचे ते कमीजास्त करत राहतो. ही दुरुस्ती टक्क्यांत दिसते, तीच फ्युएल ट्रिम. शॉर्ट टर्म क्षणाक्षणाला हलते, लाँग टर्म म्हणजे अंगवळणी पडलेली दुरुस्ती. दोघींची बेरीज शून्याच्या आसपास, पाच-सात टक्के इकडे तिकडे असेल तर चिंता नाही. दहाच्या पुढे गेली की शोध घ्यायचा. पंचविशीच्या आसपास पोचली की कंप्यूटर हात टेकतो आणि कोड नोंदवतो.

ताईच्या गाडीची फ्रीझ फ्रेम अशी होती: कूलंट ८८ अंश, वेग शून्य, आरपीएम साडेसातशेच्या आसपास, लाँग टर्म ट्रिम अधिक २१. गाडी गरम, उभी आणि आयडलवर, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता इंजिन चालू. गाडी चालू करून लाइव्ह डेटा (त्या त्या क्षणाचे आकडे) बघितला, आयडलला तोच आकडा. मग ताईला ॲक्सिलरेटर हलकेच दाबून २५०० आरपीएमवर धरायला सांगितलं. ट्रिम उतरत उतरत अधिक ५ वर आली.

हा एवढा एक बदल बघायला मिळाला की माझं निम्मं काम होतं. आयडलला थ्रॉटल जवळजवळ बंद असतो, मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांत) खोल व्हॅक्यूम असतो, समुद्रसपाटीला बाहेर १०१ किलोपास्कल तर आत तीस-पस्तीस. कुठे चीर असेल तर तिथून हवा जोरात ओढली जाते, आणि इंजिन एकूण हवाच थोडी घेत असल्यामुळे त्या चोरट्या हवेचा वाटा मोठा पडतो. आत येणारी हवा मोजणारा एअरफ्लो सेन्सर एअर फिल्टरच्या जवळ बसलेला, त्याला ही मागून शिरलेली हवा दिसतच नाही. आरपीएम वाढवला की खरी हवा कितीतरी वाढते आणि चोरट्या हवेचा वाटा नगण्य होतो. म्हणजे आयडलला ट्रिम जास्त, आरपीएम वाढवल्यावर कमी, तर हवेची गळती. याच्या उलट, आयडलला ठीक आणि चढावर, जोर दिल्यावर ट्रिम वाढत जात असेल, तर पेट्रोल कमी पडतंय: पंप कमजोर, फिल्टर तुंबलेला, किंवा एअरफ्लो सेन्सर मळलेला आणि हवा कमी मोजणारा. मात्र ज्या गाडीत एअरफ्लो सेन्सर नसून मॅनिफोल्डचं प्रेशर मोजून हवेचा हिशेब होतो, तिथे गळती अशी दिसत नाही. तिथे चोरटी हवाही प्रेशरमध्ये धरली जाते, म्हणून ट्रिमऐवजी आयडल आरपीएम चढलेला सापडतो. आपल्या गाडीत कोणता सेन्सर आहे हे आधी बघायचं ते यासाठी.

बॉनेट उघडून इंजिनच्या झाकणापासून मॅनिफोल्डकडे जाणारा ब्रीदर होज वाकवला. खालच्या बाजूला, क्लॅम्पच्या अगदी शेजारी, रबर फाटलेलं. वरून बघताना होज धडधाकट दिसत होता. नवा होज टाकला, ट्रिम पुन्हा शून्याजवळ आली. जो ऑक्सिजन सेन्सर बदलायचा होता तो पहिल्यापासून खरंच बोलत होता. बदलला असता तर नव्या सेन्सरनेही तेच सांगितलं असतं.

भाच्याच्या गाडीची तऱ्हा वेगळी. त्याचा फोन आला, "मामा, गाडी मिसिंग करतेय आणि दिवा लुकलुकतोय." त्याला सांगितलं की आधी गाडी बाजूला घे. स्थिर दिवा आणि लुकलुकणारा दिवा यांत फार फरक आहे. लुकलुकतोय म्हणजे मिसफायर (सिलिंडरमध्ये मिश्रण नीट न पेटणं) इतका आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या वाटेवरच्या, धूर साफ करणाऱ्या कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतंय. आतलं सिरॅमिकचं जाळं त्या उष्णतेने वितळतं. प्लगला ठिणगी पुरवणाऱ्या एका कॉइलचं काम कन्व्हर्टरच्या कामापर्यंत जाऊ द्यायचं नसेल तर तशी गाडी रेटायची नाही.

कोड होता पी०३०२, म्हणजे दुसऱ्या सिलिंडरमध्ये मिसफायर. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०० असेल तर अमुक एक सिलिंडर नाही, फिरता मिसफायर. कंप्यूटरला ठिणगी दिसत नसते. तो क्रँकशाफ्टच्या (इंजिनच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) दातेरी चकतीकडे बघतो. पुष्कळ गाड्यांत या चकतीवर ६० दातांची जागा असते आणि दोन दात मुद्दाम गाळलेले असतात, खुणेसाठी. प्रत्येक स्फोटाने क्रँकला छोटा धक्का बसतो, ज्या सिलिंडरची पाळी असताना तो बसत नाही तिथे दात किंचित उशिरा येतो. सेकंदाच्या अगदी बारीक भागातला तो उशीर मोजून कंप्यूटर सांगतो, दुसरा. मला ही युक्ती अजूनही थोर वाटते. पण यातूनच हेही कळतं की धक्का कमी का बसला ते कंप्यूटरला माहीत नाही. प्लग, कॉइल, इंजेक्टर, व्हॉल्व्हची गळती, काहीही असू शकतं.

भाच्याला चारही कॉइल बदलायला सांगण्यात आलं होतं. आम्ही इंजिन बंद करून, थंड होऊ देऊन, दुसऱ्याची कॉइल तिसऱ्यावर आणि तिसऱ्याची दुसऱ्यावर लावली. आता कोड पुसायची वेळ होती, कारण फोटो काढून झाले होते आणि नवा प्रश्न विचारायचा होता. थोडी गाडी चालवल्यावर पी०३०३ आला. दोष कॉइलबरोबर सरकला. एक कॉइल आणली, काम झालं. कोड दुसऱ्यावरच राहिला असता तर प्लगची अदलाबदल, मग इंजेक्टर, आणि तरीही हलला नाही तर कॉम्प्रेशन तपासणं, असा क्रम होता.

पी०४२० बद्दल लिहिलंच पाहिजे, कारण लोकांचे सगळ्यात जास्त पैसे इथे जातात. कन्व्हर्टरची कार्यक्षमता मर्यादेखाली, असं वर्णन असतं आणि लगेच कन्व्हर्टर बदलायची बोलणी सुरू होतात. कंप्यूटर काय बघतो? साध्या झिर्कोनिया जातीच्या ऑक्सिजन सेन्सरच्या गाडीत कन्व्हर्टरच्या आधीचा सेन्सर ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये सारखा वरखाली होतो. कन्व्हर्टर ऑक्सिजन साठवून ठेवत असल्यामुळे नंतरचा सेन्सर जवळपास स्थिर, ०.६-०.७ च्या आसपास राहायला हवा. नंतरचाही पहिल्यासारखाच नाचायला लागला की कोड. पण एक्झॉस्टच्या जोडावर गॅस्केट फुटून बाहेरची हवा आत येत असेल तरी नंतरचा सेन्सर नाचतो. शेजारच्या काकांच्या गाडीत तेच होतं. थंड इंजिन चालू केलं की बॉनेटखालून टिकटिक ऐकू यायची आणि जोडाभोवती काजळी होती. कन्व्हर्टर खरंच मेलेला असू शकतो, असतोही. मात्र तेव्हाही तो का मेला हे शोधायला हवं. तेल जळतंय का, जुना मिसफायर आहे का? नाहीतर नवाही त्याच वाटेने जाईल.

एकदम सात-आठ कोड दिसले की घाबरायचं नाही, आणि एकेक भाग शोधत सुटायचंही नाही. निरनिराळ्या यंत्रणांचे कोड, त्यांत यूचे दोन-तीन, असं असेल तर मी आधी मल्टिमीटर घेतो. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास, इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ दाखवते. स्टार्टर मारताना व्होल्टेज साडेनऊच्या खाली जात असेल तर कंप्यूटर अर्धपोटी जागे होतात आणि एकमेकांच्या तक्रारी नोंदवतात. बॅटरीचे टर्मिनल, बॉडीवरची अर्थिंगची पट्टी, सामाईक फ्यूज. हे बघून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

लाइव्ह डेटा बघायचा तर गाडी चालवणाऱ्याने बघायचा नाही. दुसऱ्याला शेजारी बसवा किंवा ॲपमध्ये रेकॉर्डिंग लावून घरी येऊन ग्राफ बघा. आणि निरोगी असताना गाडीचे आकडे एकदा टिपून ठेवा. रात्रभर उभ्या गाडीत सकाळी चालू करण्याआधी कूलंट आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान जवळजवळ सारखं असतं, नसेल तर दोघांतला एक सेन्सर खोटं बोलतोय. गरम इंजिनची आयडलची ट्रिम, मॅनिफोल्डचं प्रेशर, बॅटरीचा व्होल्टेज, आणि गरम झाल्यावर कूलंट कुठे स्थिरावतं तो आकडा, एवढं पुरतं. पुढे कधी पी०१२८ आला, म्हणजे इंजिन पुरेसं गरम होत नाही, तर पूर्वी ८८-९० ला थांबणारं कूलंट आता ७० ला रेंगाळतंय हे लगेच ताडता येतं आणि थर्मोस्टॅटकडे (कूलंटचा प्रवाह सोडणाऱ्या-अडवणाऱ्या झडपेकडे) हात जातो. त्याआधी थंड इंजिनवर कूलंटची पातळी मात्र बघून घ्यायची.

दुरुस्तीनंतर दिवा पुसायचाच, असंही नाही. दोष गेला असेल तर सहसा सलग तीन फेऱ्यांत ती चाचणी पास झाल्यावर दिवा आपोआप विझतो, आणि कोड साधारण चाळीस वॉर्म-अप (थंड इंजिन गरम होण्याच्या फेऱ्या) झाले की निघून जातो. पुसला तर रेडिनेस मॉनिटर रिकामे होतात, म्हणजे कन्व्हर्टर, ऑक्सिजन सेन्सर, पेट्रोलच्या वाफेची यंत्रणा यांच्या चाचण्या 'अपूर्ण' दाखवू लागतात, आणि पूर्ण व्हायला थंड सुरुवात, शहरातली थांबथांब, मोकळ्या रस्त्यावरचा स्थिर वेग असं सगळं मिळावं लागतं. अमेरिकेत २०१० च्या सुमारापासूनच्या गाड्यांत पर्मनंट कोडही असतात, ते कुठल्याही स्कॅनरने पुसता येत नाहीत, चाचणी पास झाली तरच जातात.

भाचा आता मित्रांबरोबर जुनी गाडी बघायला जातो तेव्हा अडॅप्टर नेतो. कोड नाहीत एवढ्यावर तो समाधान मानत नाही, मॉनिटर बघतो. सगळे अपूर्ण असतील तर कोड नुकतेच पुसलेत किंवा बॅटरी काढली होती. मग मालकाला सरळ विचारायचं, आणि उत्तर काहीही आलं तरी आठवडाभर गाडी नेहमीसारखी वापरा, नंतर आम्ही पुन्हा लावून बघू, असं सांगून यायचं.